काचेवर आपटलेला खंड्या

मानवतमधल्या आमच्या गल्लीत पाखरांना धडकण्याजोगं एकच घर आहे आणि ते मी बांधलंय. पुढची सगळी भिंत आरशासारख्या काचेची! (बायकोला तिथं साधी खिडकी हवी होती. पण घरात माझंही कधीतरी ऐकतात.) त्या काचेत समोरचा लिंब इतका हुबेहूब दिसतो, की एका सकाळी एक निळं पाखरू त्यावर बसायला निघालं आणि धाडकन आमच्या पायरीवर पडलं. (तो खंड्या होता, हे मला नंतर कळलं.)

"आवो, बेसुद पडलंय की!" बायको ओरडली. "हे मेलं ना, तर उद्याच ती काच काढायला लावते!"

पाखराचा जीव टांगणीला आणि काचेचाही! तेवढ्यात आई वाटी घेऊन धावत आली.

"आई, हळद कशाला लावायलीस त्याला!"

"मंग काय तसंच मरू द्यावं का लेकरू?"

मी दोघींना बाजूला सारलं, पाखराला अलगद चपलांच्या खोक्यात ठेवलं, झाकणाला भोकं पाडली आणि वनखात्याला फोन लावला.

"पाणी पाजू नका, अंधारात ठेवा, आन् झाकण बिलकुल उघडू नका," तिकडचे साहेब म्हणाले. "आमी निघालोच. पक्षी कोणता हाय?"

आता, 'माहीत नाही' म्हणायची आमच्या खानदानात पद्धत नाही!

"थांबा, बघून सांगतो."

"आवो, उघडू न..."

उघडलं! शुद्धीवर आलेला खंड्या माझ्या नाकासमोरून सुटला. "पंखा बंद करा!" "दार उघडा!" आई वाटीसकट पलंगाखाली. खंड्या कपाटावर, घड्याळावर, देव्हाऱ्यावर! मग त्याला काचेपलीकडचा खरा लिंब दिसला. आता पुन्हा आपटला तर संपलंच! मी चादर पसरून काचेकडे झेप घेतली. खंड्या ऐनवेळी वळला आणि स्वयंपाकघराच्या दारातून बाहेर गेला.

मला वळता आलं नाही.

डोळे उघडले तेव्हा आई माझ्या कपाळाला हळद लावत होती आणि बाहेर तारेवर बसून खंड्या खच्चून ओरडत होता. काय आनंद झाला म्हणून सांगू! टेंगळाची कळसुद्धा विसरलो. पाखरू जगलं होतं, काच शाबूत होती. इतक्यात साहेब पिंजरा घेऊन दारात हजर.

"जखमी कुठंय?"

बायकोनं माझ्याकडे बोट दाखवलं. "हे काय. घिऊन जा."

साहेबांनी मला खालीवर न्याहाळलं.

"नेतो की, ताई. पण बरं झालं की जिथून उचललं तिथंच आणून सोडावं लागतंय."

बायकोनं माझ्याकडे रोखलेलं बोट खाली घेतलं.

"मंग ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली.