चोआ चू कांगच्या कुरणात आबा

जान्हवी देवकातेला कुणी विचारलं की तू काय काम करतेस, तर ती ‘कॉम्प्युटरला इंग्रजी शिकवते’ एवढं सांगून मोकळी होते. खरं सांगितलं तर लोक हसतात. सिंगापुरातल्या बुओना व्हिस्टाच्या ऑफिसात, एसीने कुडकुडत, शाल गुंडाळून ही बाई दिवसभर मेंढपाळांच्या गप्पा ऐकते. स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडमधल्या म्हाताऱ्या मेंढपाळांच्या जुन्या टेप कुठल्याशा संग्रहालयाने पाठवल्या आहेत, आणि कॉम्प्युटरला ती बोली कळावी म्हणून एकेका शब्दाला अर्थ चिकटवायचं काम तिच्या गळ्यात पडलंय. तिथे हॉग म्हणजे डुक्कर नव्हे, तर अजून एकदाही लोकर न कातरलेलं मेंढरू. गिमर म्हणजे अजून न व्यायलेली तरुण मेंढी. आणि एका मेंढपाळाच्या हाताखालचा कळप आणि त्याचं रान, दोन्ही मिळून हर्सेल.

गंमत अशी की जान्हवीचे वडील अर्जुनराव, म्हणजे आबा, हे माण तालुक्यातले धनगर. दसरा झाला की मेंढरं घेऊन कोकणात उतरायचं आणि पावसाच्या तोंडावर परत फिरायचं, यात त्यांचं आयुष्य गेलं. जान्हवीला मात्र शाळेसाठी लहानपणीच फलटणला आत्याकडे ठेवलेलं. त्यामुळे मेंढरांबद्दल तिला जे काही ठाऊक होतं, त्यातलं निम्मं तिने हेडफोन लावून परक्या माणसांकडून ऐकलं होतं. ही गोष्ट ती ऑफिसात सांगत नसे आणि घरात तर मुळीच नाही.

उन्हाळ्यात आई गेली. दिवसकार्य उरकताच जान्हवी आबांना चोआ चू कांगच्या फ्लॅटवर घेऊन आली. मेंढरं धाकट्या चुलत्याकडे होती, गावच्या घराला कुलूप. आता आबांनी इथेच राहावं, यावर तिचं मन अडून बसलं. आई गेली तेव्हा ती विमानात होती. वडिलांच्या बाबतीत असं होऊ द्यायचं नाही, एवढंच तिला कळत होतं.

“तिकडे आता तुमचं आहे कोण, आबा? इथे राहायचा कायमचा पास काढू का?”

“बगू,” आबा म्हणायचे. आणि आबांचं ‘बगू’ म्हणजे ‘हो’ नव्हे, हे घरातल्या फ्रिजलाही ठाऊक होतं.

अशात एका टेपमध्ये तिला ‘हेफ्ट’ हा शब्द भेटला. तिकडच्या डोंगरांना कुंपण नसतं, तरी मेंढ्या आपलं रान सोडत नाहीत. आई कोकराला फिरवते, कोकरू मोठं होऊन आपल्या कोकराला फिरवतं. नवी मेंढरं आणली तर मेंढपाळ रोज हद्दीवर उभा राहून त्यांना मागे वळवतो. असं करता करता ते रान त्यांच्या अंगात भिनतं आणि मग हाकललं तरी ती जात नाहीत. टेपवरचा म्हातारा हे इतक्या सहज सांगत होता की जान्हवीने हेडफोन काढला आणि मनाशी ठरवून टाकलं. आबांना हेफ्ट करायचं!

दुसऱ्या दिवसापासून रोज एकच फेरी सुरू झाली. ब्लॉकखालून निघायचं, बास्केटबॉलच्या कोर्टावरून खाण्याच्या टपऱ्यांच्या हॉकर सेंटरला जायचं, तिथे आल्याचा चहा, मग बागेला वळसा आणि घर. आबा मोठ्या रस्त्याकडे वळले की ही हात आडवा करून त्यांना फिरवायची. चहा म्हणजे मेंढराला मीठ दाखवून वळवण्यातला प्रकार होता, पण ते आबांना कुठे माहीत!

“आई, यू हर्डिंग आजोबा, इज इट?” जाईने, म्हणजे तिच्या लेकीने, विचारलं.

“गप्प बस. फिरायला नेतेय.”

“आजोबा फास्टर दॅन यू, लाह.”

पण गुण येत होता. चहावाली बाई आबा दिसताच न सांगता आलं ठेचायला घ्यायची. बाकावरचे चिनी म्हातारे त्यांना सरकून जागा द्यायचे. आबांची तक्रार एकच. “एवढं हिरवंगार गवत, आन खायाला कुणी न्हाई! मशिनीनं कापत्यात आन पिशव्या भरून टाकून देत्यात. काय म्हनावं या लोकांना?”

“तक्रार करायला लागले म्हणजे रुळले,” जान्हवीने नवऱ्याला, अमेयला, मोठ्या खुशीत सांगितलं.

त्याच शनिवारी आबा गायब झाले. सकाळी एकटेच चहाला गेले होते. जेवायची वेळ टळली तरी पत्ता नाही, फोन वाजतोय आणि उचलत नाहीत. हॉकर सेंटर झालं, बाग झाली. अमेय पोलिसांना कळवायला निघाला, तेवढ्यात जान्हवीचा फोन वाजला.

“जानू, रस्ता संपला गं.”

“म्हणजे? कुठे आहात तुम्ही?”

“म्होरं पानीच हाय. ह्ये पोरगं जवळ हाय, त्याला इचार.”

त्या मुलाने सांगितलं, वुडलँड्सची जेट्टी. म्हातारा बेटाच्या उत्तर टोकापर्यंत चालत गेला होता! टॅक्सीत जान्हवी रडत होती आणि रागावतही होती. जेट्टीवर आबा तांबडं पागोटं बांधून, जाईने दिलेले बूट शेजारी काढून, पलीकडच्या मलेशियातल्या जोहोरकडे बघत निवांत बसलेले.

तिने आधी झाप झाप झापलं. मग अवसान गेलं आणि शेजारी बसून तिने हेफ्टची सगळी भानगड त्यांना सांगून टाकली, मिठासकट. आबा खो खो हसले.

“आगं, ती डोंगराची मेंढरं. आपली न्हवंत. आपलं मेंढरू मानसाच्या मागनं चालतंय. जिथं मानसामेंढरांचा वाडा उतरंल त्येच रान.”

“मग माझ्या मागून चला ना, आबा. माझ्याकडे राहा. गावात कुलूप लावलेल्या घरात काय आहे तुमचं?”

“घरात म्या कवा हुतो गं?” आबा म्हणाले. “तुजी आय घोड्यावर बिऱ्हाड लादून म्होरं, म्या मेंढरांमागं. दर मुक्कामाला ती चुलीला तीन दगडं मांडायची. अजून तशीच हायत ती, पार कोकनात म्हाडापत्तूर. त्या वाटंनं मला जायाला पायजे.”

आईची चूल म्हटलं की जान्हवीला आत्याच्या घरचा गॅस आठवायचा. त्या दगडांपैकी एकही तिने पाहिला नव्हता.

“डिसेंबरात जाईला सुट्टी असते,” ती म्हणाली. “तेव्हा वाडा कुठे असेल?”

“पोलादपुराच्या अंगाला आसंल.” आबांनी बूट चढवले आणि लेकीकडे न बघता म्हणाले, “तुला सुट्टीत तिकडं आनायचं तुज्या आयच्या लई मनात हुतं. दर साली म्हनायची. तिला वाटायचं, पोरगी शिकल्याली हाय, लाजंल.”

जान्हवीने तिथेच बसून आबांचं दसऱ्याआधीचं तिकीट काढलं. डिसेंबरची आपली आणि जाईची तिकिटं काढताना मात्र तिला फोनवरची अक्षरं दिसेनात, म्हणून आबांनीच फोन धरला आणि ती एकेक बटण चाचपत राहिली.