शार्कच्या तोंडात काय सापडलं

काचेची बशी खिडकीशी धरायची, एक डोळा बारीक करायचा आणि म्हणायचं, “नाई त नाई.” रोज सकाळी अकरा वाजता आमच्या प्रयोगशाळेत माझ्या वर्गमित्राचा हा कार्यक्रम व्हायचा. बशीत जीवाणूंची वाढ शोधायची होती. ती वर्षभर दिसली नाही.

साठीच्या दशकातली ही गोष्ट. अमरावतीच्या एका कॉलेजात आम्ही दोघे एम.एस्सी.ला होतो. तो तेल्हाऱ्याचा, मी मोर्शीचा. समुद्र दोघांनीही पाहिला नव्हता. आमच्या मार्गदर्शक सरांनी पाहिला होता, एकदा, लग्नानंतर. तेवढ्या अधिकारावर त्यांनी कुठल्याशा परदेशी मासिकातून विषय उचलला आणि त्याला दिला: शार्कच्या तोंडातले जीवाणू. मला त्याच शार्कचे कल्ले मिळाले. सरांच्या घरी आमच्या मळ्यातली संत्री जात असत, हेही सांगून टाकतो.

शार्क मुंबईहून पिंपातून यायचे, हातभर लांबीचे, फॉर्मॅलिनमध्ये बुडवलेले. हे औषध मेलेलं शरीर सडू नये म्हणून वापरतात, कारण त्यात जीवाणू जगत नाहीत. अशा औषधात सहा महिने मुरलेल्या माशाच्या जबड्यात आणि कल्ल्यांत आम्ही जीवाणू शोधत होतो. आठवड्याभरात हा घोळ त्याच्या लक्षात आला, माझ्याही आला. त्याने सरांना सांगितलं, मी गप्प बसलो. सर म्हणाले, संशोधनात श्रद्धा लागते.

श्रद्धेचं त्याच्याकडे जरा अवघडच होतं. छप्पन साली त्याच्या वडिलांनी घरातले देव नदीत सोडले, तेव्हापासून नसलेल्याला आहे म्हणणं त्या घरात बंद झालं होतं. वडील कापसाच्या जिनिंगमध्ये मजूर. पोरगा एम.एस्सी. झाला की प्राध्यापक होणार, हे त्यांनी साऱ्या तेल्हाऱ्याला सांगून ठेवलं होतं.

इकडे सरांनी अकोल्याला एका व्याख्यानात जाहीर करून टाकलं की शार्कच्या तोंडात नवे जीवाणू सापडले आहेत. टाळ्या पडल्या. आता ते सापडणं तेवढं बाकी होतं. सर त्याला रोज समजावू लागले, थोडे दाखव, चार दाखव. तो पुन्हा जबडा पुसायचा, पुन्हा बशी लावायचा आणि वहीत शून्य लिहायचा.

मी काय केलं? डब्यातल्या दह्यात काडी बुडवली आणि बशीवर ओढली. दुसऱ्या दिवशी पीक असं आलं की सरांनी मला पेढा दिला. काडी बुडवताना त्याने मला पाहिलं होतं. तो आपली बशी घेऊन खिडकीकडे गेला.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. त्यांनी आमचे दोन्ही प्रबंध समोर ठेवले आणि त्याला विचारलं, एकाच माशात याला इतकं सापडतं आणि तुम्हाला काहीच कसं नाही?

मी शेजारीच बसलो होतो. त्याने एक वाक्य बोलायचं, की माझी डिग्री गेली आणि त्याची वाचली.

“सर, मी माह्या बशीचं सांगून राहिलो,” तो म्हणाला. “त्याच्या बशीचं त्याले इचारा.”

परीक्षकांनी मला विचारलं नाही. जेवायची वेळ झाली होती.

मी पहिल्या वर्गात आलो. तो नापास झाला, स्कॉलरशिप थांबली आणि तो तेल्हाऱ्याच्या शाळेत मास्तर झाला. निकालाच्या दिवशी तो प्रयोगशाळेत आपल्या बशा धुवत होता. त्या झाल्यावर माझ्याही घेतल्या आणि दह्याचा वास जाईपर्यंत घासल्या. मी दारात उभा होतो. माफी मागायला हवी होती. मी विचारलं, “गाडी किती वाजता आहे?”

“अडीचले,” तो म्हणाला आणि हात पुसून निघाला. नंतर आमची भेट झाली नाही. तो वारल्याचंही मला उशिराच कळलं.

पुढे सरांच्या खुर्चीवर मीच बसलो. माझा प्रबंध विभागाच्या कपाटात आहे, मुलांना नमुना म्हणून दाखवतात. त्याचा शोधायला मी एकदा अख्खं कपाट रिकामं केलं. तो कुणी ठेवूनच घेतला नव्हता.