माशीएवढी मिशी

उर्दू शाळेतली चौथी अर्धी टाकून मी चुडाव्याच्या स्टेशनावर कंदील पुसायच्या आणि घंटा द्यायच्या कामाला लागलो. वडील दम्यानं अंथरुणाला खिळलेले. घरची चूल माझ्या पगारावर. गाव बालाघाटात, परळीला उतरून पुढं दिवसभर पायी. तिकडं काही बरंवाईट झालं तर इकडं कधी कळंल, हाच घोर लागलेला असायचा.

खोलीत सोबतीला रुळांचे सांधे बदलणारे एक म्हातारे होते. मी त्यांना तात्या म्हणायचो. त्यांनी मला आपल्या भाकरीतली भाकर दिली आणि दाढी करायला शिकवली. न्हावी फक्त बाजारच्या दिवशी यायचा आणि स्टेशन मास्तरांना खुंट वाढलेला माणूस फलाटावर खपत नसे. वस्तरा तात्यांचाच. खिळ्याला अडकवलेल्या चामड्याच्या पट्ट्यावर तो फिरवत ते म्हणायचे, "पाठ पुढं, धार मागं. वळवतानी पाठीवर वळीव. धारेवर वळवलास की मेली ती."

त्या सकाळी पूर्णेकडून तपासणीचा साहेब यायचा होता. तात्या कामावर गेलेले. मी घाईघाईनं पट्टा ताणला, वस्तरा फिरवला आणि नेमका धारेवर वळवला. पट्टा चिरला. तरी तसाच तो वस्तरा गालाला लावला. केस कापायचे सोडून तो ओढायलाच लागला. डोळ्यांत पाणी आलं. मी जोर दिला, हात घसरला आणि डाव्या मिशीचं टोक साबणासकट मांडीवर पडलं.

उजवी बरोबरीला आणायला गेलो, ती जास्तच गेली. मग पुन्हा डावी. एकदम हात थांबला. आमच्यात बाप गेल्यावर मिशी काढतात. माझा तर बाप जिवंत होता!

तेवढ्यात मास्तर दारात आले. "क्या रे, मूछ चूह्यां खाये क्या?" हसले, आणि मग हसू आवरलं. "ये सूरत साहेब को दिखाता? साफ कर ले. नहीं तो आज फलाट पर नक्को आ. कल भी नक्को आ."

ते गेले आणि तात्या आले. पट्टा पाहिला, मला पाहिलं. रागावले नाहीत.

"काढून टाक की सगळी."

"वडील हायेत माझे, तात्या."

"आरं, बाप मेल्यावर मिशी काढतेत. मिशी काढली म्हणून बाप मरत न्हाई."

"तुमी काढली असती?"

तात्यांनी वस्तऱ्याची धार अंगठ्यानं चाचपली. "न्हाई काढली असती," म्हणाले.

मग त्यांनी दगडावर पाणी शिंपडून वस्तरा घासला. पट्ट्याची चिरलेली बाजू सोडून दुसऱ्या अंगानं फिरवला. "नाकाखाली माशीएवढी ठिव. केवढी का असंना, मिशी ती मिशीच."

"तुमीच करा."

"मला सिग्नल दिसतो, तुजं नाक न्हाई दिसत. तूच कर. दाबू नको. आता धार हाय, तिला कापू दे."

आरशाचा तुकडा त्यांनी धरला. हात म्हाताऱ्याचा, आरशातलं माझं नाक हलायला लागलं.

"तात्या, हलू नका."

"मी हलत न्हाई. तू श्वास घे."

ओठ दाताखाली ओढून मी वस्तरा टेकवला. एक केस जास्त गेला तर घरी काय होईल, एवढंच डोक्यात. धार साबणावरून अलगद उतरली. मग दुसऱ्या बाजूनं. बाहेर सिग्नल पडल्याचा आवाज आला, म्हणजे साहेबाची गाडी आलीच. मी तोंड पुसलं. नाकाखाली काळा ठिपका शाबूत होता. पळत जाऊन घंटा दिली.

साहेबानं कंदील पाहिले, माझ्याकडं ढुंकूनही बघितलं नाही. मास्तरांनी बघितलं. "चलता," म्हणाले.

आठच दिवसांनी दिवाळीला गावी गेलो, तेव्हा उंबऱ्याशीच थांबलो. वडील भिंतीला टेकून बसले होते. मला निरखून म्हणाले, "नाकाला काय चिकटलंय रं, माशी?" आणि हसायला गेले ते खोकतच सुटले. आई पाठ चोळायला धावली. मी पिशवी तशीच हातात धरून तो खोकला ऐकत राहिलो.