माइकवर सांगा, का थकवलंत

"त्याला काय विचारता? यांना सगळं फुकट मिळत आलंय. घेतलेलं परत द्यायचं असतं, हे कुणी शिकवलंच नसणार."

हे मंदार बोलला. मंदार म्हणजे आमचा टीम लीड. कोथरूडचा, माझ्याच वयाचा. बोलताना त्याचा आवाज जरासुद्धा चढला नव्हता. पुण्यात असलं काही बोलताना आवाज चढवत नाहीत.

सकाळचे दहा वाजले होते. आमच्या आयटी कंपनीत रोज सकाळी उभ्यानं मीटिंग व्हायची. अकरा जण गोल करून उभे राहायचे आणि काल काय केलं, आज काय करणार हे प्रत्येकानं अर्ध्या मिनिटात सांगायचं. ते अर्धं मिनिट मला रोज रडवायचं. त्या दिवशी माझी पाळी आली आणि रिसेप्शनकडून कुणीतरी माझं नाव घेऊन ओरडलं. नावापुढे आडनाव, अगदी खणखणीत. क्रेडिट कार्डाचा वसुलीवाला आला होता.

"ओ साहेब, लपताय कशाला? सात महिने झाले! एसीत बसता आणि बँकेचे पैसे बुडवता?"

सिक्युरिटीनं त्याला बाहेर काढलं. जाता जाता तो म्हणाला, "पुढच्या महिन्यात गावाला जातो तुझ्या. बापाच्या दारात उभा राहून विचारतो."

मग कुणीतरी मला विचारलं, "काय झालं रे?" आणि त्यावर मंदार ते वाक्य बोलला. सगळे हसले. एक मुलगी तेवढी मोबाइलमध्ये बघत राहिली. मीसुद्धा हसलो. हे लिहायला मला आजही जड जातं, पण हसलो हे खरं आहे.

बाबा विदर्भात, एसटीच्या आगारात मेकॅनिकच्या हाताखाली राबून निवृत्त झालेले. आमच्या वस्तीतला पहिला इंजिनिअर मी. बाबा रोज संध्याकाळी चहाच्या टपरीवर बसायचे आणि कुणी विचारो न विचारो, सांगायचे, "पोरगं पुन्यात इंजिनेर हाय." तो माणूस त्यांच्या दारात उभा राहून काय बोलणार हे मला ठाऊक होतं. त्यानंतर बाबा टपरीवर कसे बसणार होते?

कार्ड मला ऑफिसच्या कँटीनमध्ये मिळालं. गळ्यात टाय बांधलेली एक मुलगी टेबल मांडून बसली होती. फॉर्मवर नाव होतं, पगार होता, जातीचा रकाना नव्हता. दाखला नाही, पडताळणी नाही, तहसीलच्या खेपा नाहीत. सही केली, दहा दिवसांत कार्ड घरी. बँक मला चांगली माणसं वाटली. इतका मी भोळा होतो.

आमच्या टीममध्ये पार्टीची पद्धत होती. वाढदिवस झाला, पार्टी. पगार वाढला, पार्टी. नवी गाडी घेतली, लग्न ठरलं, पार्टी. बाकीचे सरळ टाळायचे. "पुढच्या महिन्यात बघू," म्हणायचे आणि तो महिना कधी यायचाच नाही. त्यांना चिकट म्हणायचे, तेही हसायचे, विषय संपायचा. मला ते जमणारं नव्हतं. पहिल्याच आठवड्यात जेवणाच्या टेबलावर कुणीतरी 'कोट्यातले' हा शब्द टाकला होता, माझ्याकडे न बघता. त्यानंतर बिल आलं की माझा हात सगळ्यात आधी खिशात जायचा. पार्टी माझी असो वा नसो. मला कुणी फुकट्या म्हणू नये म्हणून मी तीन वर्षं सगळ्यांना फुकट खाऊ घातलं.

मधे बहिणीच्या नर्सिंगची फी आली. तीही मी कार्डावर रोकड उचलून भरली. त्या रोकडीवर पहिल्या दिवसापासून व्याज लागतं, हे मला नंतर कळलं.

बिलाच्या खाली एक छोटा आकडा असायचा, किमान भरायची रक्कम. तो भरला की आपण सुटलो, असं मला वाटायचं. देणं तारखेच्या आत द्यावं, हे बाबांनी शिकवलेलं. मी तारखेच्या आतच देत होतो, तो छोटा आकडा. मागे मोठा आकडा फुगत होता, तिकडे मी बघतच नव्हतो. मग मंदी आली, पगार कापले गेले आणि छोटा आकडाही भरता येईना.

बँकेशी बोलून तडजोड करता येते, हे मला माहीत होतं. पण बोलणार कोण? फोनवर पलीकडून "बोला" ऐकू आलं की मी फोन ठेवून द्यायचो.

त्याचं मूळ शाळेत आहे. सातवीत असताना आमच्या शाळेत एक शेठ वह्या वाटायला आले. हेडमास्तरांनी आम्हा नऊ मुलांना स्टेजवर उभं केलं. एकेकानं माइकवर यायचं, नाव सांगायचं, बाप काय करतो ते सांगायचं, घरी काय काय नाही ते सांगायचं आणि मग शेठजींचे आभार मानायचे. आधी गरिबी वाजवून दाखवायची, मग वह्या. माझी पाळी आली तेव्हा मी नाव सांगितलं आणि पुढे आवाजच फुटेना. हेडमास्तर म्हणाले, "अरे बोल, नाहीतर वह्या परत जातील." सगळी शाळा हसली. वह्या मिळाल्या. पाच होत्या. त्या दिवसानंतर चार माणसांपुढे उभं राहिलं की मला नावापुढचे शब्द सापडेनासे व्हायचे.

वसुलीवाला ऑफिसात येऊन गेला त्यानंतरच्या रविवारी मी आमच्या विहारात गेलो. मी पुण्याच्या कडेला, मांजरी गावात भाड्यानं राहत होतो. नव्या इमारती जिथं संपतात आणि ऊस सुरू होतो तिथं पत्र्याचं विहार होतं. वंदना झाली की तिथं एक रिवाज होता. लहानथोर, प्रत्येकानं पाळीपाळीनं पुढं येऊन दोन मिनिटं बोलायचं. हे सुरू केलं होतं सुमनताईंनी. पोस्टात काउंटरवर नोकरी करून निवृत्त झालेल्या बाई, बोलायला फटकळ. माझी पाळी जवळ आली की मी चपला नीट लावायच्या निमित्तानं बाहेर जायचो. त्या दिवशी त्या मागोमाग आल्या.

"चपला काही पळून जात नाहीत. पळता तुम्ही."

मी त्यांना सगळं सांगितलं. वसुलीवाला, बाबा, मंदार, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं, अरेरे वगैरे केलं नाही. "पुढच्या रविवारी कार्डाची सगळी बिलं घेऊन या," म्हणाल्या.

मी नेली. वंदना झाल्यावर त्यांनी मला पुढं बोलावलं. "भाषण करू नका. ही बिलं फक्त मोठ्यानं वाचा."

चाळीसेक माणसं होती. गवंडी, शिक्षिका, कारकून, त्यांची पोरंबाळं. मी वाचायला लागलो. हॉटेल, अकराशे. हॉटेल, दोन हजार तीनशे. केक. हॉटेल. पुन्हा हॉटेल. दुसरं पान संपलं तेव्हा शंकरकाका, गवंडीकाम करणारे, मधेच म्हणाले, "पोरा, ह्यातलं तू किती खाल्लं?"

मी पुढची ओळ बघितली. तो मंदारचा वाढदिवस होता. त्या दिवशी कामात काहीतरी अडकलं होतं म्हणून मी ऑफिसात थांबलो होतो. मंदार माझं कार्ड मागून घेऊन गेला होता. "नंतर बघू," म्हणाला होता.

"या दिवशी मी नव्हतोच," मी म्हणालो. "माझं कार्ड गेलं होतं."

कुणी हसलं नाही. काका पुढे सरकून बसले. मग म्हणाले, "म्हंजी त्यांनी तुझं खाल्लं, आन वर फुकट्या तूच?"

मला रडू येईल असं वाटलं होतं. आला तो राग. उरलेली पानं मी न अडखळता वाचली. माझ्यानंतर शाळेत शिकवणाऱ्या एक बाई उठल्या आणि म्हणाल्या, "माझ्याकडे दोन कार्डं आहेत. घरी माहीत नाही."

नंतर सुमनताईंनी मला समजावलं. मुद्दल वेगळं आणि व्याज-दंड वेगळं लिहून मागा. तोंडी काही मानू नका. कितीही घाई केली तरी रोख देऊ नका. घरच्यांना धमकावायचा त्यांना हक्क नाही, तशी तक्रार करा. मी तक्रार लिहिली. तिचं उत्तर आलं नाही. बँकेचं दुसरंच पत्र आलं, तडजोड मेळाव्याचं. एकच दिवस, जागेवर सवलत.

मेळावा होता कसबा पेठेतल्या एका मंगल कार्यालयात. लग्नं लागतात त्या स्टेजवर लाल मखमली खुर्चीत बँकेचा अधिकारी बसला होता. पांढराशुभ्र शर्ट, जिभेवर साखर. मागे टेबलं लावलेली, तिथं कागद तयार व्हायचे. पण टेबलापर्यंत जायचं तर आधी माइक. नाव सांगायचं, रक्कम सांगायची, का थकवलं ते सांगायचं.

"कारण पटलं तर सवलत," अधिकारी म्हणाला. "बँक म्हणजे धर्मशाळा नव्हे."

माझ्या आधी एक म्हातारे गृहस्थ होते, पेठेत छोटा छापखाना चालवणारे. त्यांनी माइकवर बायकोचा कॅन्सर सांगितला. कुठल्या हॉस्पिटलात, किती दिवस, शेवटी काय झालं ते सगळं. अधिकारी म्हणाला, "आजारपण सगळ्यांच्याच घरी असतं हो. पुढे."

पुढे मी होतो. त्यानं माझा कागद उचलला, आडनाव वाचलं आणि त्याच्या ओठाला जरा मुरड पडली.

"हं. कर्जमाफीची वाट बघत होतात की काय? तुम्हा मंडळींना सवय असते माफीची."

समोर दीडशे माणसं बसलेली. सातवीतल्यासारखं होणार असं वाटलं. मग वाटलं, होऊ दे, पण आभार मानणार नाही. मी माइक धरला.

"माझं नाव तुमच्या कागदावर आहे. रक्कमही आहे. कारण मी माइकवर सांगणार नाही. मी पैसे देणं लागतो, तमाशा देणं लागत नाही. मुद्दल किती, व्याज किती, दंड किती, हे वेगळं लिहून द्या. मुद्दल मी पूर्ण फेडतो, हप्त्यानं. माफी मागायला मी आलेलो नाही."

आवाज थरथरत होता. माइकमधून ती थरथर सगळ्यांना ऐकू जात होती. जाऊ दे म्हटलं.

अधिकाऱ्याच्या जिभेवरची साखर संपली. "ठीक. मग आमचा माणूस जाईल गावाला. थकवण्याचं कारण तुमच्या वडिलांनाच विचारू."

मी खिशातून मोबाइल काढला आणि तिथंच, स्टेजवर उभा राहून बाबांना फोन लावला. काय बोलायचं ते ठरवलेलं नव्हतं.

"बाबा, मी कर्जात आहे. कार्डाचं कर्ज. थोडे पैसे बहिणीच्या फीला गेले, बाकीचे मी लोकांना खाऊ घालण्यात घालवले. आठ महिने भरले नाहीत. बँकेचा माणूस तुमच्या दारात येऊन ओरडणार आहे. त्याच्या आधी मी सांगतोय."

मग बाबा म्हणाले, "मले काऊन नाही सांगतलं रे? मी मेलो होतो का?"

"लाज वाटली."

"आता लोकायले काय सांगू मी?"

"मी सांगितलं तेच सांगा."

त्यांनी फोन ठेवला. अधिकारी मागे वळून कुणाला तरी म्हणाला, "माइक बंद करा." माझ्या मागे उभी असलेली बाई पुढे झाली आणि बंद माइकपुढून सरळ टेबलाकडे गेली. "मीपण तिकडंच बोलणार," म्हणाली. तिच्यामागून आणखी चारपाच जण गेले. बाकीचे मात्र रांगेतच उभे राहिले. माइक पुन्हा सुरू झाला आणि ते आपापली दुखणी त्यावर सांगत राहिले. मला त्यांचा राग आला नाही. मीही तेच करत आलो होतो.

चार तास बसवून ठेवलं, पण लेखी पत्र मिळालं. मुद्दल आणि थोडं व्याज, अठ्ठावीस हप्ते. ते मी फेडले. कार्डाचा डाग नावावर राहिला आणि पुढे कितीतरी वर्षं मला घरासाठी कर्ज मिळालं नाही. वसुलीवाला गावाला गेला नाही. पण बाबा तीन महिने माझ्याशी बोलले नाहीत आणि टपरीवर बसणं त्यांनी सोडलं ते सोडलंच. ते मला भरून देता आलेलं नाही आणि येणारही नाही.

मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या मीटिंगमध्ये मी मंदारला म्हणालो, "त्या दिवशी वसुलीवाला आला तेव्हा जे बोललास, ते आज पुन्हा बोल. मी ऐकतोय." तो म्हणाला, "मस्करी होती यार, तू पण ना!" मी त्याच्या वाढदिवसाच्या बिलाची झेरॉक्स त्याच्या हातात दिली आणि सगळ्यांसमोर आकडा वाचून दाखवला. त्यानं पैसे दिले नाहीत. वर्षअखेरीला मला सगळ्यात खालचा शेरा मिळाला, 'टीममध्ये मिसळत नाही' असा, आणि सहा महिन्यांत मला दुसरी नोकरी शोधावी लागली.

नव्या नोकरीत पहिल्याच आठवड्यात कुणीतरी विचारलं, "मग, पार्टी कधी?" मी म्हणालो, "देणार नाही." त्यांनी कारण विचारलं. तेही मी दिलं नाही.

मी घेतलेलं मी फेडीन, पै न पै. पण मी माणूस आहे, याची किंमत यापुढे कुणाला मोजून देणार नाही. पैशानं नाही, हसून नाही आणि गप्प बसून तर नाहीच.