लांब अँटेनाचा रेडिओ

एएमचा रेडिओ निवडताना मी दुकानातली सगळ्यात लांब अँटेना निवडली. ती फक्त एफएमची असते, एएमची पेटीच्या आत असते, हे मला ठाऊक नव्हतं. चंदीगडला आमच्या शेजारी राहणाऱ्या सरदारजींचा जुना रेडिओ बंद पडला होता, आणि संध्याकाळचा पंजाबी गाण्यांचा कार्यक्रम ऐकल्याशिवाय त्यांना जेवण जात नसे, म्हणून हा नवा मी त्यांच्यासाठी आणला.

सरदारजी मोजकंच बोलतात. काहीही करण्याआधी ‘चलो जी’ म्हणतात आणि मग कुणाचं ऐकत नाहीत. मी ऐटीत ताणलेली अँटेना त्यांनी शांतपणे आत ढकलली. खरबूज पारखावं तसा रेडिओ कानाशी धरून चारी दिशांना फिरवला. नुसती खरखर. आमच्या मधल्या भिंतीपाशी ती आणखी वाढली.

“चलो जी.”

रेडिओ छातीशी धरून ते थेट माझ्या घरात शिरले आणि टीव्हीमागे मी हौसेनं लावलेली रंगीत दिव्यांची माळ त्यांनी बंद केली. खरखर थांबली. गाणं स्वच्छ ऐकू येऊ लागलं.

मी ओशाळून म्हणालो, “अंकलजी, तरी मैं रेडिओ बदलके लाता हूँ.”

“रेडिओ ठीक है, पुत्तर,” ते म्हणाले. “पडोसी बदलना पडेगा.”