पडद्यामागचा सॅक्सोफोन

"पोरीच्या वरातीत तरी मला म्होरं उभं ऱ्हाऊ द्या, भाऊजी. दहा वर्सं झाली, त्या गाडीत कोंबडीवानी कोंडलं मला."

"नवसे, व्याही ओझरचे हायेत, कारखान्यातले. रांडमुंड बाई वरातीम्होरं पाह्यली तर काय म्हनतील?"

"मंग पल्लवीला इचारा. ती नाय म्हनली तर मी तोंड उघडनार नाय."

"तोंड तर तुला उघडावंच लागंल," जयराम हसला. "फुकनार कोन मंग?"

हे बोलणं २००७च्या वैशाखातलं, सिन्नरच्या बँडवाल्यांच्या ओसरीवरचं. जयराम बँडचा मालक. नवसाबाई त्याच्या धाकट्या भावाची, रंगनाथची, बायको. रंगनाथ सॅक्सोफोन वाजवायचा. देवळाली कॅम्पात साहेबलोकांच्या नाचाला जाझ वाजवणाऱ्या एका म्हाताऱ्या गोवेकर मास्तराकडं तो शिकला. नवसाबाई शिकली ती चिंचेच्या कोळानं ते पितळ घासता घासता. दुपारी नवरा झोपला की हळूच फुंकून पाहायची. त्यानं एकदा पकडली. आधी थोबाडीत दिली, मग शिकवलं. "चाल सोडून कुठंबी चर," म्हणायचा, "सांजच्याला गोठ्यात ये म्हंजी झालं." जाझचा तिला एवढाच धडा मिळाला, आणि तेवढा पुरला.

१९९२ला रंगनाथची छाती बिघडली आणि बँडचा लाल कोट तिनं लुगड्यावरच चढवला. तालुक्यात तोवर बाईनं बँडात वाजवलेलं कुणी पाहिलं नव्हतं. पोरं शिट्ट्या मारायची, बाया तोंडाला पदर लावायच्या, आणि लग्नाच्या तारखा मात्र जयरामकडं सहा महिने आधी लागायच्या.

पाच वर्षांनी रंगनाथ मेला. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी जयरामनं कोट काढून घेतला. विधवा लग्नापुढं चालत नाही. पण तिच्यासारखं वाजवणारंही दुसरं कुणी नव्हतं. मग त्यानं तोड काढली. स्पीकरच्या हातगाडीला पडदे बांधले, आत जनरेटरशेजारी नवसाबाईला नवा सॅक्सोफोन देऊन बसवलं, तोंडाशी माईक दिला. पुढं लाल कोटात उभा केला झांजवाला बुधा. त्याच्या हातात रंगनाथचा जुना सॅक्सोफोन, पत्ती काढलेला, चुकूनही आवाज निघू नये म्हणून. बुधानं नुसते गाल फुगवायचे, बोटं नाचवायची. वर्षभरात पंचक्रोशीत बुधाचं नाव झालं.

पल्लवीला विचारलं तेव्हा ती मेंदीचे हात वाळवत बसली होती.

"तू वाजवतीस असं तिकडं मी सांगितलेलंच नाही, आई. आता कशाला काढायचं?" मेंदीवर फुंकर घालत म्हणाली, "आणि पडदा नीट बांध. मागून उघडा राहतो."

लग्न लागलं. कन्यादानाला जयराम आणि त्याची बायको बसली. तिथंही विधवा आईचं काम नव्हतं. व्याह्यांनी नवरीच्या आईचं विचारलं, तर कुणीतरी सांगून टाकलं, त्या आचाऱ्याकडं हायेत.

वरात निघाली. हातगाडीमागंच नवरानवरीची जीप. पडद्याच्या फटीतून पल्लवी हातभर अंतरावर. नवसाबाईनं साधी चाल धरली, आणि सोडली. इतकी लांब गेली की ढोलवाल्याचा ठोका चुकला. पुढं बुधाला बोटं कुठं ठेवावीत कळेना. नाचणारे उभे राहिले. मग वळणं घेत घेत ती सावकाश चालीवर आली.

व्याह्यांनी स्वतःच्या डोक्यावरचा फेटा बुधाला घातला. "काय हात हाय मास्तर तुमचा. सूनबाई, उतरा खाली. गावचं रतन हाय हे, पाया पडा."

नवसाबाईनं फटीला डोळा लावला.

पल्लवी उतरली, गाडीला वळसा घालून पुढं गेली. बुधा मागं सरला. "नगं, पोरी. माह्या नगं," तो पुटपुटला. ती वाकली, त्याच्या पायांना हात लावला आणि पदर सावरत जीपमध्ये जाऊन बसली. पडद्याकडं पाहिलं नाही.

"आता अजून एक होऊ द्या," व्याही म्हणाले.

बुधानं गाल फुगवले. आवाज नाही. जयरामनं पडद्यात मुंडी घातली.

"नवसे, काहून थांबली? व्याही वाट पाहू राह्यले."

"धुरानं तोंड सुकलं. पानी द्या."

त्यानं तांब्या आत सरकवला. ती दोन घोट प्याली, पदरानं ओठ पुसले आणि नाचाचं गाणं काढलं.