डाव्या हाताची रायफल

निघायच्या दिवशी लोहाऱ्याच्या आमच्या घरासमोर नागपूरला जाणारी भाड्याची गाडी उभी होती. सकाळची बुद्धवंदना उरकली होती. मी नको नको म्हणत असताना आईने भाकरी आणि ठेचा सॅकमध्ये कोंबला होता, शेजारच्या बाया पदराने डोळे पुसत होत्या आणि मी ड्रायव्हरवर डाफरत होते. बाबा डिकीपाशी उभे राहून सामान बघत होते. मोठी बॅग, छोटी बॅग, पाठीवरची सॅक. मग त्यांनी सवयीने विचारलं, "अन् पेटी कुठी हाय?"

माझ्या प्रत्येक स्पर्धेला निघताना रायफलीची ती लांब काळी पेटी शेवटी गाडीत चढायची आणि बाबा स्वतः ती चढवायचे. चारच दिवसांपूर्वी ती विकली होती, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी डिकी लावली आणि बाजूला झाले. मी तेव्हा दोन शब्द बोलायला हवे होते. मी ड्रायव्हरला म्हणाले, चला, उशीर होतोय.

ही आठवण जर्मनीत बसून तिकडे राहिलेल्यांसाठी लिहितेय, आणि माझ्यासारखे जे घरातल्या वस्तू फोटो काढून विकून निघाले त्यांच्यासाठीही. फ्रिज विकला, स्कूटी विकली, त्याचं काही वाटलं नाही. रायफलीने मात्र जीव खाल्ला, आणि खरं सांगायचं तर अजून खातेय.

ती एअर रायफल होती. हवेच्या दाबावर चालणारी, दहा मीटरवरच्या कागदी निशाणावर नेम धरायची, बाकी कशासाठी नाही. तिला परवाना लागत नाही. पण ती डावी होती. म्हणजे तिचा दस्ता, मूठ, गाल टेकवायची फळी, सगळं डावखुऱ्या माणसाच्या मापाने घडवलेलं. मी जन्माची डावखुरी. लहानपणी आम्ही मारेगावला होतो, तेव्हा ताटावर बसलं की आईचा चमचा डाव्या मनगटावर पडायचा, आणि शाळेत बाईंची फुटपट्टी. उजव्या हाताने जेव, उजव्या हाताने लिही, उजव्या हाताने दे. मी जेवायला शिकले उजव्याने, लिहीत राहिले डाव्यानेच.

बाबांची बदली यवतमाळच्या एसटी वर्कशॉपला झाली आणि आम्ही लोहाऱ्याला आलो. तिथे एमआयडीसीतल्या एका रिकाम्या शेडमध्ये सैन्यातून निवृत्त झालेल्या एका सुभेदारांनी नेमबाजीचा क्लास काढला होता. त्यांना सगळे सर म्हणायचे. मी नववीत असताना तिथे गेले. सरांनी विचारलं, कोणत्या हाताने लिहितेस? मी भीतभीत डावा हात वर केला. ते म्हणाले, लेफ्टी आहे, हिला लेफ्टी रायफल लागेल, उजव्या रायफलीवर ही पुढे जाणार नाही. त्या दिवसापासून शेडमध्ये माझा डावा हात हा गुन्हा राहिला नाही.

डावी रायफल कुठे मिळणार? बाबांनी वर्षभर याला त्याला विचारलं. शेवटी पुण्यातल्या एका नेमबाजाची जुनी, जर्मन बनावटीची रायफल त्यांना कळली आणि ते एसटीने जाऊन ती घेऊन आले. नातेवाइकांनी तोंडसुख घेतलं, पोरीच्या हातात बंदूक कायले म्हणून. आई आठ दिवस त्यांच्याशी बोलली नाही. बाबांनी कुणाला उत्तर दिलं नाही. रोज संध्याकाळी वर्कशॉपमधून आले की ते अंगणात बसून हातपंपाने तिच्या सिलिंडरमध्ये हवा भरायचे. हे काम त्यांनी मला कधीच करू दिलं नाही.

त्या रायफलीवर मी पाच वेळा राज्य स्पर्धा खेळले आणि पाचही वेळा पुढे गेले नाही. दरवेळी एकच गोष्ट. सुरुवातीच्या मालिका छान जायच्या, आणि शेवटच्या दहा गोळ्यांना डावा डोळा पाणावायचा, निशाणाचं काळं वर्तुळ एकाचं दोन व्हायचं. सर म्हणायचे, मन कच्चं आहे. मी बदाम खाल्ले, श्वासाचे व्यायाम केले, दहा दिवस मौन पाळून बसले. मन काही पक्कं झालं नाही. मग नर्सिंगला गेले, नोकरी लागली आणि रायफल रविवारपुरती उरली.

जर्मनीतल्या रुग्णालयात काम मिळायचं ठरलं तेव्हा मी घरात जाहीर केलं की रायफल विकायची. आई म्हणाली, राहू दे की दिवाणाखाली. पण पडून राहिलेली रायफल खराब होते. आतले रबरी वायसर सुकतात, सिलिंडरची मुदत संपते. माझी अट एकच होती, ती अशा माणसाकडे जावी जो तिला खांद्याला लावून निशाणासमोर उभा राहील. बाबा एवढंच म्हणाले, "तुही चीज हाय, तू पाह्य."

मग फोन सुरू झाले. ढाणकीहून एकाने विचारलं, यानं डुक्कर मरते का? मी सांगितलं, मरत नाही आणि मारायचंही नसतं. मग रोही? नीलगायही नाही. मग वांदर तरी पळते का? मी म्हणाले, भाऊ, फटाके घ्या. त्याने उलट मलाच ऐकवलं की मग विकून काय राह्यली. दुसऱ्या एकाला ती नव्या ऑफिसात भिंतीवर टांगायची होती. तिसऱ्याला भाच्याच्या वरातीत नाचताना हवी होती, एका दिवसासाठी, भाड्याने. जाहिरात बघून पोलीस ठाण्यातूनही फोन आला. मी बिल, नियमाचा कागद, सगळं घेऊन गेले आणि तासभर बसले. साहेबांनी कागद वाचले, बरोबर आहे म्हणाले, आणि रायफल हातात धरून स्वतःचा एक फोटो काढून घेतला.

ज्यांना रायफल कळत होती ते लोक याहून वाईट. अमरावती, नागपूर, अकोला, सगळीकडून फोन. सिलिंडरची तारीख विचारायचे, नळी किती चालली विचारायचे, खूश व्हायचे. मग मी सांगायचे, लेफ्टी आहे. फोनवर आधी "अरेरे" आणि मग "कळवतो." एकानेही कळवलं नाही. अख्ख्या विदर्भात माझ्याशिवाय कुणी डावखुरं जन्मलंच नव्हतं की काय, असं वाटायला लागलं. माझं जॅकेटही तसंच, डाव्या बाजूने शिवलेलं. ते तर कुणी फुकट नेईना. जिथे आयुष्यभर डाव्या हाताने सगळ्यांना अडचण झाली, तिथून जातानाही त्यानेच वाट अडवली.

तिकिटाला पाच दिवस उरले तेव्हा शहरातला एक फोटोस्टुडिओवाला आला. लग्नाआधी जोडप्यांचे फोटो काढतात ना, तो त्याचा धंदा. त्याला रायफल डावी की उजवी याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. त्याला ती "भारी दिसते" म्हणून हवी होती. मी आधी नाही म्हणाले. रात्रभर विचार केला, बॅगा भरलेल्या बघितल्या, जर्मन भाषेच्या परीक्षेचं प्रमाणपत्र अजून हातात आलं नव्हतं त्याचं टेन्शन वेगळंच. दुसऱ्या दिवशी त्याला बोलावून दिली. तो जॅकेटही घेऊन गेला. बाबा तेव्हा अंगणात होते. त्यांनी पेटीला हात लावून ती स्टुडिओवाल्याच्या गाडीत नीट आडवी ठेवून दिली आणि त्याला सांगितलं, उन्हात ठेवू नका.

इथे आल्यावर मला काय समजलं ते सांगते, आणि सांगताना आजही हात शिवशिवतात. मी राहते ते गाव आपल्या जिल्ह्यातल्या उमरखेडपेक्षा लहान आहे. एक चर्च, एक बेकरी आणि एक फेराइन, म्हणजे मंडळ. कसलं मंडळ? नेमबाजीचं. आजूबाजूच्या प्रत्येक गावात एक आहे. आमच्या श्टेशनवर, म्हणजे वॉर्डात, माझ्याबरोबर काम करणारी एक नर्स मला एका शनिवारी दुपारी तिथे घेऊन गेली. आत सत्तरीच्या बायका केक खात होत्या आणि मधूनच उठून एअर रायफल चालवून येत होत्या. भिंतीवरच्या फडताळात मंडळाच्या रायफली होत्या. त्यात तीन डाव्या. कुणी हात लावत नव्हतं म्हणून पडून असलेल्या तीन डाव्या रायफली. जी वस्तू इथेच कुठेतरी घडली, ती मी यवतमाळात नवरदेव-नवरीच्या फोटोंसाठी देऊन आले होते. मी केक खाल्ला नाही.

तिथे हेल्गा नावाची आजी शिकवते. मी डावी रायफल उचलली तसं तिने मला थांबवलं. दोन्ही हात समोर ताणून अंगठा आणि बोटांमध्ये छोटीशी खिडकी करायला लावली आणि त्यातून भिंतीवरचं घड्याळ बघायला सांगितलं. मग एकेक डोळा मिटायला सांगितला. उजवा मिटला की घड्याळ खिडकीतून गायब. डावा मिटला की जागच्या जागी. तिने तीनदा करून घेतलं. मग म्हणाली, तुझा हात डावा आहे पण नेमाचा डोळा उजवा. इथे मुलं पहिल्यांदा आली की आम्ही सगळ्यात आधी हे तपासतो. तुला कुणी तपासलं नाही?

नाही तपासलं. अर्ध्या मिनिटाचं काम होतं. सरांनी हात बघितला आणि डोळा बघितलाच नाही, आणि त्यांचा तरी काय दोष, त्यांना कुणी शिकवलं होतं? मी स्पर्धांचं सांगितलं तसं हेल्गा म्हणाली, याच्यामुळेच हरलीस असं नाही, पण नेमाला जबरदस्तीने लावलेला डावा डोळा शेवटी थकला असेल. आणि मी इतकी वर्षं बदाम खात होते. माझं मन कच्चं नव्हतं. मला त्या दिवशी इतका राग आला की सायकल हातात धरून चालत घरी आले, आणि तो राग नेमका कुणावर काढायचा ते काही ठरेना.

खरी भीती होती बाबांना सांगायची. वर्षभर शोधून, घरात अबोला सोसून त्यांनी जी वस्तू आणली, ती मुळातच चुकीची होती हे त्यांना कशाला कळायला हवं? पण रविवारी फोनवर त्यांनीच विषय काढला. कुणाच्या तरी लग्नाचे फोटो आईच्या मोबाइलवर आले होते आणि त्यात नवरी आमची रायफल धरून उभी होती. बाबा म्हणाले, "पोरीनं उजव्या खांद्याले लावली होती. कुनी सांगतलं नाही तिले." हे ऐकून मला राहवेना. मी सगळं सांगून टाकलं, खिडकी, घड्याळ, डोळा. रायफल उजवीच हवी होती, बाबा.

बाबा म्हणाले, "मले डोयाचं काय मालूम होतं, माय. तुही आई तुह्या डाव्या हातावर मारे, बाई मारे. मले वाटलं, दुनियेत एक तरी चीज अशी असली पायजे का जे माह्या पोरीच्या डाव्याच हातानं चालन. म्हनून आनली होती. तू जिंकावं म्हनून नाही आनली."

मी फोन ठेवला आणि ड्यूटीला गेले.

पुढच्या शनिवारी हेल्गाने माझ्यासाठी उजवी रायफल काढून ठेवली होती. तिचं बरोबर आहे हे मला कळतं. वर्षभर घासून सराव केला तर आकडे सुधारतील, हेही कळतं. मी ती रायफल फडताळात परत ठेवली आणि डावी खांद्याला लावली. आकडे वाईट आले. हेल्गा कपाळाला आठ्या घालून म्हणाली, वारूम, म्हणजे काहून, का म्हणून?

तिला समजावण्याएवढं जर्मन माझ्याकडे अजून नाही. मराठीत सांगायचं तर सोपं आहे. मला घराची आठवण येते का असं इथे सगळे विचारतात. चमचा, फुटपट्टी, मन कच्चं म्हणणारे सर, वरातीसाठी बंदूक भाड्याने मागणारे लोक, हे सगळं तिकडेच आहे आणि त्याचा मला अजून राग येतो. पण तिकडेच एक माणूस असा आहे, ज्याला मी जिंकावं असं काही नव्हतं, मी डाव्या हाताने जगावं एवढंच हवं होतं. माझं घर आता एवढंच आहे, आणि ते मी विकलेलं नाही.